बांधापर्यंत आलेली आंबील

माणिकराव गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते लातूरच्या घराच्या अंगणात बसून अडकित्त्याने लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. माझा दहावीचा निकाल नुकताच लागला होता आणि वडील मला जळकोटहून अकरावीसाठी घेऊन आले होते. भूकंपाला काही वर्षं उलटली होती. लातूरचं नाव आता वेगळ्याच कारणाने गाजत होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, आणि चौकाचौकांतून गुणवत्ता यादीत आलेली मुलं फोटोतून आपल्याकडे रोखून बघत. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, की गुरुजींच्या वरच्या खोल्यांत मुलींची सोय होते. वडिलांनी ट्रंक खाली ठेवली आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, "पोरगी तालुक्यात पहिली आलीय, गुरुजी."

गुरुजींनी मान वर केली. "आसू द्या. जेवती का नीट?"

मला राग आला होता, हे आज सांगायला हरकत नाही. तालुक्यात पहिल्या आलेल्या मुलीला कुणी असं विचारतं का? पण पुढची दोन वर्षं त्या घरात राहिले आणि हळूहळू कळलं, की माणसाने काय मिळवलं यापेक्षा त्याच्या पोटात काय गेलं याचीच या गृहस्थांना जास्त काळजी असते.

गुरुजी शाळेत भूगोल शिकवत. घरी ते बायबलचा शास्त्रपाठ घेत. तो पूर्वी रविवारी सकाळी व्हायचा, पण क्लासवाल्यांनी रविवारच्या परीक्षा सुरू केल्या आणि मुलं उपासनेलाही येईनाशी झाली. इतरांनी हळहळ व्यक्त केली. गुरुजींनी शास्त्रपाठ गुरुवारी संध्याकाळी घेतला आणि त्या दिवशीचा मुलींचा मेसचा डबा बंद करून त्यांच्या पत्नीच्या, सुनंदाकाकूंच्या हातचं जेवण सुरू केलं. पवित्र शास्त्र ऐकायला नसली तरी वरणफळं खायला मुलं येतात, हा त्यांचा हिशोब होता आणि तो बरोबर होता. मुली आमच्या मंडळीतल्या होत्या तशा इतर घरांतल्याही होत्या. कुणालाही बसण्याची सक्ती नव्हती. तरी सगळ्या बसायच्या.

त्यांच्या शिकवण्याची एक रीत होती, ती आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आधी उतारा सावकाश वाचायचा. मग गुरुजी म्हणायचे, "आता पुस्तक मिटा. घरी गेल्यावर आईला सांगताव तसं सांगा."

माझी पाळी आली तेव्हा उधळ्या मुलाचा दाखला होता, वाटणी उडवून परतलेल्या धाकट्याला बाप धावत जाऊन घरात घेतो ती येशूची गोष्ट. मी चर्चच्या रविवारच्या शाळेत बक्षिसं मिळवलेली मुलगी. पश्चात्ताप, अनुग्रह, तारण, नीतिमत्त्व असे सगळे शब्द वापरून मी उत्तर दिलं. गुरुजी म्हणाले, "उत्तर बरोबर हाय. पैकीच्या पैकी. आता जळकोटच्या बोलीत सांगा."

मला एक वाक्य सुचेना. मग कसंबसं बोलले, "पोरगं गेलं तरी बाप रोज वाटंकडं बघून राहिला. म्हणून तर त्यानं लई लांबून वळखलं." आणि बोलता बोलता माझे डोळे भरून आले, कारण ट्रंक ठेवून परत जाताना माझे वडील कोपऱ्यावर वळून किती वेळ उभे होते ते मला आठवलं. काकूंनी माझ्या ताटात आणखी एक चमचा तूप वाढलं.

तारण म्हणजे काय, हे मी पुढे मोठमोठ्या उपदेशकांकडून ऐकलं. पण मनात राहिलं ते गुरुजींनी त्या परीक्षेच्या गदारोळात सांगितलेलं. "हे मेरिट लिस्ट न्हाई, पोरींनो. इथं कुणाचा नंबर कटत न्हाई. बाप घरात घेतो ते तुमचे मार्क बघून न्हाई." त्यावर आमच्यातल्या एकीने लगेच विचारलं, की मग भलं वागायचं तरी कशाला? गुरुजी खूश झाले. असे आडवे प्रश्न त्यांना फार आवडतात. म्हणाले, "आता बापानं घरात घेतलं. सकाळी गोठ्यातलं शेण कोण काढायचं? का जन्मभर पाव्हणा म्हणून बसून ऱ्हायचं?" विश्वास आणि सत्कर्म यांच्या नात्यावर मी त्यानंतर पुष्कळ वाचलं आहे. या गोठ्याच्या पुढे मला फारसं जाता आलेलं नाही.

बारावीत माझं मेडिकल हुकलं. मी जळकोटला परत गेले. वडील ओरडले नाहीत, मारलं नाही, नुसते बोलायचे बंद झाले. मी ताटावर बसले की ते उठून बाहेर जात. कुणी कळवलं ठाऊक नाही, पण एक दिवस दुपारच्या एसटीने गुरुजी आले. उन्हाने तोंड लाल झालेलं. वडील लगबगीने पुढे झाले, आत चला म्हणाले. गुरुजी ओट्यावरच टेकले. "मी आत येत न्हाई, भाऊ. आधी पोरीला जेवाय बोलवा. मग मी येतो."

वडील बराच वेळ खांबाला धरून उभे राहिले. मग आत आले आणि मला म्हणाले, "सुवर्णा, ताटं घे. तुझं बी घे." आज मी नांदेडला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते आणि निकालाच्या दिवशी मुलांच्या आधी आईबापांशी बोलते. ते मी कुठून शिकले, हे वेगळं सांगायला नको.

गुरुजी ओट्यावर का बसले, आत का आले नाहीत, हे मात्र मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. गुरुवारच्या प्रार्थनेत ते शेवटी नेहमी एक नाव घेत. "आणि प्रभू, दादाला सांभाळ." मला पहिले काही महिने वाटायचं की त्यांचा मुलगा कुठे लांब असेल. त्यांना मूलबाळ नाही, हे नंतर कळलं. दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू, रंगनाथराव. किल्लारीजवळ त्यांची शेती आहे. आणि ते गुरुजींशी बोलत नाहीत.

ही हकिगत गुरुजींनी स्वतः शास्त्रपाठात अनेकदा सांगितली आहे, आणि ती त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात यावी असा त्यांचाच आग्रह आहे. "चांगलं चांगलंच लिहिलं तर लोकांला वाटंल माणिकराव मेला," असं म्हणाले. तेव्हा लिहिते.

गुरुजींनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला. घरच्यांनी ते गिळलं. थोरल्याने तर गावाला ठणकावून सांगितलं, की माझा भाऊ आहे, त्याचा देव तो बघून घेईल. मग वेळ अमावस्या आली. आपल्या भागात येळवस म्हणतात ती. त्या दिवशी लातूर ओस पडतं, क्लाससुद्धा बंद राहतात, म्हणजे सण किती मोठा ते समजा. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करायची, आत पूजा मांडायची, आणि मग सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली गार आंबील. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालायचं. आईने नैवेद्य दाखवला आणि धाकट्यापुढे आंबिलीचा पेला धरला. ताकातली, जिरं आणि लसूण घातलेली, त्याला लहानपणापासून आवडणारी. नवा विश्वास, नवा जोर. त्याने सगळ्या पाहुण्यांसमोर पेला बाजूला सारला आणि म्हणाला, मूर्तीपुढचं मी घेत नाही. वर बायबलमधली दोन वचनंही म्हणून दाखवली.

पेला आईने मातीत ओतला. थोरल्याने त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं.

प्रेषित पौलाने नैवेद्याच्या अन्नाविषयी जे समजावलं आहे, तो भाग गुरुजी शिकवायला लागले की त्यांचा आवाज बदलतो. खावं की खाऊ नये, यावर ते कधी निकाल देत नाहीत. ज्याने त्याने आपल्या विवेकाला विचारावं म्हणतात. पण एकदा ते जे म्हणाले ते माझ्या मनातून जात नाही. "न्हाई म्हणायचं आसंल तर म्हणावं माणसानं. पण मी न्हाई म्हणताना आईच्या तोंडाकडं बघितलं न्हाई. वचनं बरोबर म्हणली. तोंडाकडं बघितलं न्हाई."

त्यांना वाटायचं, वेळ आहे. आईला एकदा लातूरला आणू, समजावू. दादाचा राग निवळेल. अशी वर्षं गेली, आणि मग ती भूकंपाची पहाट आली. गुरुजी मिळेल त्या वाहनाने आणि उरलेलं पायी गावात पोचले तेव्हा घर म्हणून काही उरलं नव्हतं. दोघा भावांनी मिळून दगड उपसले. आईला बाहेर काढलं. पाऊस लागला होता. सगळ्या गावाच्या चितांमध्ये तिचीही चिता पेटली आणि दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. तेव्हा रंगनाथराव एकदाच बोलले. "तिची आंबील टाकलीस तू."

पुढे गाव नव्या जागी वसलं. गुरुजींनी तिथे पत्र्याच्या शेडमध्ये मुलांना शिकवलं, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेलं, आणि त्या सगळ्या काळात धर्माचा एक शब्दही कुणाला ऐकवला नाही. त्याबद्दल मंडळीतल्या काहींनी त्यांना बोलही लावला. "रडणाऱ्या माणसाजवळ बसणं ह्यो बी शास्त्रपाठच हाय," एवढंच ते म्हणाले. भावाच्या दारात मात्र त्यांना थारा मिळाला नाही.

उधळ्या मुलाच्या दाखल्यावर गुरुजींचा एक प्रश्न ठरलेला आहे. धाकट्यासाठी मेजवानी मांडली म्हणून थोरला रुसून बाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत घालायला बाहेर जातो. "आणि धाकटा त्या वक्ताला काय करत हुता?" आम्ही म्हणायचो, जेवत होता. "हाव. जेवत हुता. ज्याच्यापायी भाऊ रुसला त्यो आत बसून जेवत हुता. त्यानं उठाय नको हुतं का?" आमच्या घरी ते आत न येता ओट्यावर का बसले होते, ते मला पुढे या प्रश्नातच सापडलं.

म्हणून भूकंपानंतर दर येळवशीला गुरुजी भावाच्या शेतावर जातात. आत जात नाहीत. बांधावर उभे राहतात. हातात स्टीलचा डबा, त्यात काकूंनी केलेल्या नाताळच्या करंज्या. वाटसरूला हाक मारण्याच्या दिवशी त्या शेतातून त्यांना हाक येत नाही. जेवणं उरकली की ते डबा घेऊन परत येतात. काकू एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "आता बास करा की. पाय दुखतेत तुमचे." त्यावर गुरुजींनी विचारलं, "बाप किती दिवस वाटंकडं बघून राहिलता, लिहिलंय का कुठं?"

गेल्या येळवशीला मी नांदेडहून मुद्दाम आले आणि त्यांच्याबरोबर गेले. किल्लारीपर्यंत जीप, पुढे पायवाट. ज्वारी कमरेच्या वर आली होती, पण उंच बांधावरून कोपीपर्यंत दिसत होतं. कोपीभोवती माणसं जेवत होती, आणि रंगनाथराव पाठमोरे बसले होते. वाकलेली पाठ, डोक्याला रुमाल. ऊन चढलं. मी छत्री धरायला गेले तर गुरुजींनी ती मिटायला लावली.

मग कोपीकडून एक बाई चालत येताना दिसली. रंगनाथरावांची सून. हातात तांब्या आणि पेला. जवळ येऊन तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "मामंजी म्हणले, बांधावर उभं हाय त्याला द्या. उन्हात ऱ्हायलंय."

"नाव घेतलं का माझं?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाई."

गुरुजींनी पेला दोन्ही हातांनी घेतला. प्यायच्या आधी त्यांनी त्या मुलीच्या तोंडाकडे बघितलं, चांगलं न्याहाळून. मग डोळे मिटून आंबील प्यायले, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. आंबील ओठांच्या कडेने सांडली ती पुसलीही नाही. "आईसारखीच झालीय," म्हणाले. मुलगी त्यांनी दिलेला करंज्यांचा डबा घेऊन गेली. आम्ही बराच वेळ थांबलो. रंगनाथरावांनी डबा उघडला, एवढं लांबूनही दिसलं. ते वळले नाहीत.

डबा परत आला नाही. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, आणि ठेवूनही घेत नाहीत. परतीच्या जीपमध्ये मी तसं म्हटलं, तर गुरुजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आसू दे. आता त्याला द्यायला यावं लागंल."

अमृतमहोत्सवाच्या समितीने त्यांना विचारलं, व्यासपीठावर कोण हवं? त्यांनी कुणाचंच नाव सांगितलं नाही. मंडपाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला एक खुर्ची ठेवा म्हणाले. आत यायला संकोच वाटला तर माणसाला बसायला असावी. आणि ती जिथून दिसेल अशा जागी आपली खुर्ची मांडा म्हणाले.

सुनंदाकाकूंना मी परवा फोन केला. यंदा करंज्या कशात न्यायच्या, नवा डबा आणू का विचारलं. "नको गं," त्या म्हणाल्या, "त्योच यील की तवर."

म्हणून, गुरुजी, तुमच्यासाठी मी निरोगी शंभर वर्षं मागते, आणि तितकीच रंगनाथरावांसाठीही मागते. एकाला देऊन दुसऱ्याची राखली तर ती प्रार्थना पुरी होणार नाही. दोघांच्याही गुडघ्यांत बळ राहो. कोपीपासून बांधापर्यंतचं शेत काही फार मोठं नाही.