उन्हाच्या चाचणीला मांडव

मामा खरं तर कुणाचेच मामा नव्हते. संस्थेच्या कार्यशाळेत फिटर होते आणि भयंकर चिडके होते, म्हणून लोक त्यांना गोडीगुलाबीने घ्यायला ‘मामा’ म्हणत. त्याचाही त्यांना रागच यायचा.

गच्चीवरची आरशांची मोठी तबकडी हे त्यांचं दुखणं होतं. ती सगळं ऊन गोळा करून इंजिनाच्या तोंडावर टाकायची. आतली हवा एकीकडे तापून फुगायची, दुसरीकडे निवून आक्रसायची आणि त्या ओढाताणीत दट्ट्या हलून चाक फिरायचं. ना पेट्रोल, ना धूर. फक्त ऊन हवं. एवढी एकच गोष्ट मागणाऱ्या यंत्राला तीही मिळू नये म्हणून सगळं जग टपून बसलंय, असं मामांचं ठाम मत होतं. कधी ढग, कधी धूळ, कधी आरशांवर नेम धरून बसणारे कावळे.

आज समिती येणार होती. तिच्यासमोर इंजिन चाललं तर प्रयोग पुढे, नाही तर सगळं भंगारात.

निघताना बायको म्हणाली, “आज तरी डोकं शांत ठेवा.”

“माझं शांतच असतं. लोक राहू देत नाहीत.”

गच्चीवर पाऊल टाकलं आणि मामा बघतच राहिले. मांडववाला जाड निळं कापड ताणून शेवटची दोरी बांधत होता. खाली खुर्च्या, खुर्च्यांपुढे तबकडी आणि सगळ्यांवर गारेगार सावली.

“हे काय?”

“साहेबांनी सांगितलंय. पाहुण्यांना ऊन लागू नये.”

साहेब मागून आलेच. “मोठी माणसं आहेत, मामा. भोवळबिवळ आली तर?”

“अहो साहेब, उन्हाची चाचणी आहे!”

“ते ठीक. पण ती उन्हातच घ्यायला हवी का?”

मामांनी कपाळावर हात मारला. बरीच हुज्जत घातल्यावर तबकडीवरचं कापड तेवढं गुंडाळायचं ठरलं. मामांनी तबकडी सूर्याकडे वळवली, तोंड तापू दिलं, चाकाला हिसका दिला. इंजिनाने लय धरली.

पण समिती खाली चहात रमली. सूर्य काही कुणाच्या चहासाठी थांबत नाही. मंडळी वर आली तोवर उरलेल्या कापडाची सावली आरशांवर चढली होती. चाक मंदावलं आणि अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत थांबलं.

“बंद आहे वाटतं,” अध्यक्ष म्हणाले.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दोरी सोडली. अख्खा मांडव रिकाम्या खुर्च्यांवर कोसळला. साहेब “अहो, अहो!” करत राहिले. ऊन भसकन आरशांवर आलं. मामांनी पुन्हा हिसका दिला. चाक फिरू लागलं, तसा त्यांनी त्या चाकावर तयार होणाऱ्या विजेवर एक पंखा लावून दाखवला.

घामाने निथळणारे अध्यक्ष कापडाखालची खुर्ची ओढून थेट पंख्यापुढे बसले. डोळे मिटले. “वा! झकास. प्रयोग चालू ठेवा.”

मामांना भरून आलं. इतक्या वर्षांत या इंजिनाला कुणी झकास म्हटलं नव्हतं.

“फक्त एक करा,” अध्यक्ष डोळे न उघडता म्हणाले, “तो मांडव परत वर घ्या. वारा आहेच, सावली झाली की कसं छान होईल.”

साहेब लगबगीने दोरीकडे धावले.

मामांनी पंखा उचलला आणि सावली येईपर्यंतचा वारा घ्यायला स्वतःकडे वळवून ठेवला.