करपलेला चीक

चार वर्षं हे माझ्या पोटात होतं. नवऱ्याला नाही, माहेरी आईला नाही — कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला सगळं सांगते, पण आधी माझा पराक्रम ऐका. कारण तोही खरा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मी मोबाइलला वठणीवर आणलं!

आमच्या वडनेर भोलजीच्या घरात तो दिवसभर माझ्यासमोर असायचा. भाकरी थापतानासुद्धा डब्याला टेकवून उभा, एका रीलमागून दुसरी. सोडायचं ठरवलं तेव्हा पहिली चूक बक्षिसातच केली — दोन तास लांब ठेवला की बक्षीस म्हणून एक तास मोबाइल. दुधाच्या राखणीला मांजर बसवली म्हणा ना! एकाचे तीन तास कधी झाले, कळलंच नाही.

मग डोकं लावलं. सकाळचा चहा झाला की मोबाइल गव्हाच्या कोठीत. फोन वाजला तर घ्यायचा, बोलून झालं की परत आत. दिवेलागणीपर्यंत एकही रील पाहिली नाही, तर बरणीत एक चिंचोका. सात चिंचोके झाले की नांदुऱ्याच्या बाजारातून गरम जिलेबी — माझ्या एकटीची, नवऱ्यालाही वाटा नाही. हसू नका. पहिल्या आठवड्यात तीनच चिंचोके जमले. हात आपोआप कोठीकडे जायचा, मग त्याच हातात मी झाडू द्यायची. सासूबाई म्हणायच्या, "काऊन वं, गव्हात काय उकरून राह्यली सारखी?" पण बरणी भरत गेली. जिलेबीचा कंटाळा येईपर्यंत भरली.

एवढी जिद्द आली कुठून, हे मी अजून सांगितलं नाही — टाळतेय, दुसरं काय? मोठं बक्षीस मी मनात वेगळंच ठरवलं होतं. शंभर चिंचोके झाले की या उन्हाळ्यात कुरडयांचा चीक मी घाटणार. चार वर्षं मी त्या पातेल्याजवळ गेले नव्हते.

चार उन्हाळ्यांपूर्वी सासूबाईंनी ते माझ्या हवाली केलं होतं. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक, शेजारच्या बाया मदतीला आलेल्या. चीक चुलीवर असताना हात थांबवायचा नसतो. माझ्या एका हातात दांडा होता, दुसऱ्यात मोबाइल. एका रीलपुरता हात थांबला — एका? नाही, पाच-सहा तरी झाल्या असतील. गाठी झाल्या, तळ करपला, अख्खं पातेलं वाया गेलं.

आमच्याकडे चीक बिघडला की बाया पहिलं विचारतात, कुणाचा विटाळ झाला? धाकटी जाऊ रेखा पाळीमुळे मागच्या ओट्यावर बसली होती. आणि मी म्हटलं, "रेखा इकडून गेली होती." ती गेली नव्हती. ती नाही-नाही म्हणाली, रडली, कुणी ऐकलं नाही. मी मोबाइल कमरेला खोचला आणि गप्प राहिले. तेव्हापासून पाळी असो-नसो, कुरडयांच्या दिवशी रेखा अंगणात पाय ठेवत नाही. "माह्यापायी पुन्हा नासलं तर?" म्हणते. तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. हे मी केलं.

यंदा शंभर चिंचोके झाले. पहाटे चूल पेटवली, मोबाइल कोठीत. तो दोनदा वाजला, माझा हात थांबला नाही. खांदे भरून आले, पण चीक असा शिजला — एक गाठ नाही, काचेसारखा चकचकीत! मला नाचावंसं वाटलं. मग दांडा हातात धरूनच सगळ्या बायांसमोर सासूबाईंना मोठ्यानं सांगितलं, "आत्याबाई, त्या साली चीक माह्यानं करपला. मी मोबाइल पाहून राह्यली होती. रेखा इकडं आलीच नव्हती. मी खोटं बोलली."

मागच्या दारातून रेखा आली.

"चार उन्हाळे, ताई," ती म्हणाली. एवढंच.

मग तिने पदर खोचला, पाटावर बसली, सोऱ्या भरला आणि सासूबाईंकडे बघून म्हणाली, "आज माहा दुसरा दिवस हाय, आत्याबाई. आता पाहा." सासूबाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. रेखाने पहिली कुरडई खाटेवर पाडली. मग दुसरी. उन्हं चढेपर्यंत खाट भरली होती. कुरडया पांढऱ्याशुभ्र वाळल्या, इतक्या चांगल्या आमच्या घरात कधी झाल्या नव्हत्या.

परवा तिने त्या तळल्या. ताटभर फुलल्या. तिने सगळ्यांना वाढल्या, माझ्या ताटात वाढली नाही. मीही हात पुढे केला नाही.