इंजिन रुसलंय, वहिनी

लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा मी स्वतःला भलतीच हुशार समजत होते. पहिल्याच दिवाळीच्या साफसफाईत धाकट्या दिरांच्या टेबलावर मुठीएवढं, काळंकुट्ट, तेलकट असं एक यंत्र सापडलं. समया, तांब्या, घंगाळं सगळं लख्ख करून झालंच होतं. म्हटलं, हेही घेऊन टाकावं. चिंच लावली, राखेनं खसाखसा घासलं, नळाखाली धरलं आणि समयांच्या ओळीत गच्चीवर वाळत ठेवलं. वर शेजारणीला बोलावून दाखवलंसुद्धा, "बघा, आमच्या भावजींची वस्तू कशी चांदीसारखी केली!" ते छोट्या विमानाचं इंजिन होतं. खऱ्या इंधनावर चालणारं, खरोखर आकाशात जाणारं विमान. खेळण्यातलं म्हटलेलं भावजींना खपत नसे... आता रागवायला तेच नाहीत.

भावजी, म्हणजे सुधाकर, कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. संध्याकाळी घरी आले, इंजिन उचललं, पंखा बोटानं फिरवला. आतून राखेची करकर ऐकू आली. मी शाबासकीची वाट पाहत दारात उभी. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "वहिनी, हळदकुंकू तेवढं राहिलं." आणि मांडी घालून एकेक स्क्रू सोडवायला बसले. फराळ संपला, पाहुणे गेले, तरी इंजिन काही सुरू होईना. शेवटी एका सकाळी झालं, आणि अशी काही किंकाळी फोडली त्यानं, की ही हुशार सूनबाई हातातलं पीठ टाकून थेट जिन्याखाली.

त्या चुकीची शिक्षा म्हणून मला विमानाचं शेपूट धरायला लावलं. इंजिन सुरू करताना विमान पुढे पळू नये म्हणून कुणीतरी मागून धरावं लागतं. मी पदर खोचून धरायची, तोंडावर एरंडेलाचा वास येई. हो, त्या इंधनात एरंडेल घालतात. भावजी ते सियागंजच्या बाजारातून डबाभर आणायचे, दुकानदारानं एकदा न राहवून विचारलं होतं, "प्रोफेसर साब, घर में सबका पेट इतना खराब रहता है क्या?" आमचे हे, म्हणजे माझे यजमान, ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे.

शेपूट धरता धरता मी क्रम शिकले. इंजिन सुरू होत नसेल तर आधी प्लग काढून बॅटरीला लावायचा, आतली तार लाल झाली पाहिजे. मग इंधनाची नळी पाहायची, ती सुटली नाही ना, तिच्यात बुडबुडा नाही ना. मग सुई, म्हणजे इंधन कमीजास्त करणारा बारीक स्क्रू. ती फार उघडली तर इंजिन गुदमरतं, मिटली तर उपाशी राहतं. भावजी म्हणायचे, "क्रम सोडायचा नाही, वहिनी. घाईत माणूस चांगली असलेली गोष्ट बिघडवतो." मी मनात म्हणे, आलं मास्तराचं शास्त्र! पण शिकले. भावजींनी लग्न केलं नाही. लेक आमची शिकून, लग्न करून पुण्याला गेली. घरात आम्ही तिघं उरलो.

मग हे गेले, आणि दोघं.

तेव्हा माझं काय झालं होतं हे आता हसत लिहिते, पण तेव्हा हसत नव्हते. खालच्या खोलीचा पडदा ओढून पडून राहायची. आंघोळ दुपारी, जेवण वाटलं तर. लेक फोनवर समजावून थकली. भावजींनी मात्र एका शब्दानंही समजावलं नाही. एका रविवारी गच्चीवरून हाक आली, "वहिनी, इंजिन रुसलंय! या जरा." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. परत हाक. परत. शेवटी चिडून जिना चढले. बघते तर भावजी घामाघूम, पंख्याला झटके देतायत आणि इंजिन ढिम्म. मी विचारलं, "प्लग पाहिला?" म्हणाले, "पाहिला की." मी स्वतः पाहिला, ढिला होता. आवळला. इंजिन सुरू! "अहो, पोरांना काय शिकवत होता इतकी वर्षं?" म्हटलं. ते ओशाळून म्हणाले, "वय झालं, वहिनी."

पुढच्या रविवारी नळी सुटलेली. त्याच्या पुढच्या, सुई पार मिटलेली. कधी बॅटरीची तार उलगडलेली, तर कधी टाकीच्या तोंडाशी कापसाचा बोळा! दर रविवारी काहीतरी नवं. मी आंघोळ करून, चष्मा पुसून, आठालाच वर हजर व्हायला लागले. तासतास शोधायची आणि सापडलं की असा तोरा मिरवायची, की विचारू नका. लेकीला फोनवर सांगायची, "तुझ्या काकांचं माझ्याशिवाय पान हलत नाही गं." खाली येताना भुकेली असायची, मग दोघांसाठी गरम पोहे करायची. अशी किती वर्षं गेली... आणि मागच्या महिन्यात भावजी दुपारी पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेले. चहा झाला म्हणून हाक मारली. परत मारली. मग मी बाहेर आले.

दिवसकार्य झालं. लेक चार दिवस जास्त राहून गेली. तुकोगंजातली आमची गल्ली तशी गजबजलेली, पण दार लावलं की घरात फक्त फ्रिजचा आवाज. पहिला रविवार मी खालीच काढला. दुसऱ्या रविवारी विचार केला, इंजिन इतके दिवस बंद आहे, नक्की रुसलं असणार. दुपारपर्यंत तरी काम पुरेल. खरं सांगते, ते बिघडलेलं असावं अशी आस लावून मी जिना चढले. विमानातून काढून चाचणीच्या फळीवर बसवलेलं होतंच. टाकी भरली, बॅटरी लावली, आणि नुसतं बघावं म्हणून काठीनं पंख्याला एक झटका दिला.

सुरू झालं.

नळी चिमटीत दाबून बंद केलं. पुन्हा झटका, पुन्हा सुरू. गच्चीवर एरंडेलाचा वास पसरला आणि मी हात लटकवून उभी, करायला काहीच नाही. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आठला वर गेलेली मी सव्वाआठाला खाली. पोहे भिजवायचे तरी कुणासाठी.

मग राहवलं नाही. भावजींचे विमानांचे जोडीदार गायकवाड, महूला राहतात. त्यांना फोन केला. म्हटलं, "गायकवाडजी, भावजी गेल्यापासून या इंजिनला काय झालंय हो? एका झटक्यात सुरू होतं. आधी दर रविवारी काही ना काही बिघडायचं."

ते हसले.

"वहिनी, बुरा नका मानू," ते म्हणाले. "ग्राउंडवर आमची सगळ्यांची इंजनं नखरे करायची, सुधाकरचं एकदापण नाही. शनिवार आला की मलाच फोन करून डोकं खायचा... 'भिया, कल के लिए काही नवीन बिघाड सांग ना. वहिनींना सापडला तर पाहिजे, पण लवकर नको.'"