रंगुबाई सामान रचते तेव्हा

दिवाळी झाली की पाथर्डी तालुक्यातली निम्मी गावं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून ऊस तोडायला निघतात. त्यात नवल काही नाही. नवल हे, की ती मावतात. सहा महिन्यांची बाजरी, भांडीकुंडी, अंथरुणं, खोपीचे बांबू, ताडपत्री, कोंबड्या, तान्ही पोरं आणि मुकादमाच्या थापा, एवढं सगळं एका ट्रॉलीवर रचायचं म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. वाडीत ते काम रंगुबाईचं होतं.

तिला कुणी नेमलं नव्हतं. लग्न होऊन आली त्याच वर्षी थोरल्या दिराने भरलेली ट्रॉली नगरच्या अलीकडे कलली आणि साऱ्या वाडीचं पीठ डांबरावर पसरलं. नव्या नवरीने पदर खोचला. "भाऊजी, तुमी कडंला बसून बिडी वढा, त्यात तुमचा हात बसलाय," असं दिराला तोंडावर सांगून तिने सगळं उतरवलं आणि पहिल्यापासून रचलं. सासू महिनाभर बोलली नाही. पुढच्या वर्षी ट्रॉली भरायची वेळ आली तेव्हा मात्र तीच हाका मारत आली.

सव्वीस हंगाम रंगुबाईने ट्रॉली रचली. तिचा पहिला नियम असा, की पोकळ काही जाता कामा नये. "रिकामं भांडं न्यायचं म्हंजी ऐतखाऊ पाव्हना न्यायचा," असं ती म्हणायची. मग पातेल्यात पातेलं, त्यात तवा, घागरीत डाळ आणि डाळीत अंडी. खोपीचं सामान सगळ्यात वर, कारण उतरल्या उतरल्या आधी छप्पर लागतं. नवऱ्याचं काय, तो कुठेही मावतो. सूर्यभान मुकादम दहा बिऱ्हाडांची ट्रॉली ठरवायचा आणि रंगुबाई त्यात बारा बसवायची. वाचलेलं भाडं सूर्यभानच्या खिशात जायचं, ते वेगळं. त्याबद्दल ती त्याला दरवर्षी ठेवणीतल्या चार शिव्या द्यायची आणि तोही त्या मुकाट घ्यायचा.

हंगाम संपून परतलं की बाकीच्या बायका आडव्या व्हायच्या. रंगुबाई आधी पत्र्याची पेटी उन्हात तापवायची, आत लिंबाचा पाला घालायची, पोती झटकून आढ्याला टांगायची, दोर धुऊन वेटोळं करून खुंटीला अडकवायची. दोन फेऱ्यांच्या मधे सामान जसं निजवाल तसं ते पुढच्या फेरीला उठतं, असं तिचं म्हणणं.

बारा वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले आणि तिचा ऊस सुटला. घरी ती, नवरा सहादेव आणि एक म्हैस. तिघांचं बरं चाललं होतं. एकच गोष्ट आत टोचत राहिली होती, ती समुद्राची. सव्वीस वर्षांत रंगुबाई कराड, सांगली, शिरोळ, पार कर्नाटकापर्यंत जाऊन आली होती आणि सगळीकडे तिने एकच पाहिलं होतं, ऊस. एकदा एक ट्रॅक्टरवाला म्हणाला होता, इथून घाट उतरलं की समुद्र. तिला तो बघायचा होता. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, तिकडे कारखाना कुठला?

त्यामुळे नगरजवळच्या केडगावहून लेकीचा, सुकन्याचा फोन आला, की दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस दिवेआगरला चाललोय, तूही चल, तेव्हा रंगुबाई "बघू" म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा दुसरा हात दांडीवरचं लुगडं ओढत होता. सहादेवने येणार नाही म्हणून सांगितलं. "एवढं पानी आन् ते बी खारं. ना जनावराला पाजता येतंय, ना रानाला देता येतंय. ते बघून काय करू?" रंगुबाई एकटीच एसटीने केडगावला आली. सोबत एक कापडी पिशवी, त्यात दोन लुगडी, टॉवेल आणि शेंगदाण्याची चटणी.

सुकन्या सरकारी दवाखान्यात नर्स. तिचा नवरा अजिनाथ एमआयडीसीत सुपरवायझर, आणि मोबाईलवर जे दिसेल त्यावर श्रद्धा ठेवणारा. प्रवासाची बॅग कशी भरावी याचे त्याने चाळीस व्हिडिओ पाहिले होते. रंगुबाई पोचली तेव्हा तो माळ्यावरून बॅगा काढत होता. चाकांच्या तीन टणक बॅगा, लहानीला मधली गिळायची, मधलीला मोठी.

"बघा मामी, एकात एक ठेवल्या की जागा वाचते," तो म्हणाला.

मोठी उघडली. आत मधली बॅग नव्हतीच. आत होत्या दोन रजया, आहेरात आलेले एकोणीस ब्लाउजपीस, गणपतीचं मखर, दहा वर्षांची वीजबिलं आणि अजिनाथच्या आईचे, म्हणजे मालनबाईंचे, गुडघ्याचे एक्स-रे. मधलीत लहान पोरीचे कपडे. ती पोर, ज्ञानेश्वरी, आता पाचवीत होती. लहानीत एक पाल होती. ती मात्र जिवंत होती.

"हे निजवणं न्हाई, ही साठवण झाली," रंगुबाई पुटपुटली. पण जावयाच्या घरी आल्या पावली बोलू नये म्हणून तिने तोंडात चटणीची चिमूट टाकली.

संध्याकाळभर अजिनाथने कपड्यांच्या सुरळ्या केल्या. हवा काढायच्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या, त्यांतली हवा घरातल्या झाडायच्या मशिनने ओढली. कपड्यांचे पापड झाले. मग त्या वाचलेल्या जागेत त्याने इस्त्री, बुटांचे चार जोड, ड्रोनसारखा दिसणारा पंखा आणि कधी न उघडलेला तंबू भरला. मालनबाईंनी स्वतःची उशी काढली, कारण परक्या उशीवर त्यांची मान धरते. वर एक्स-रेही हवेत म्हणाल्या. "वाटेत गुडघा अडला तर डॉक्टरला काय दाखवू, तोंड?"

सकाळी सात वाजता सगळं खाली आलं. अजिनाथने गाडीची डिकी उघडली. आत सीएनजीची टाकी पसरून झोपली होती.

पेट्रोल परवडत नाही म्हणून नगर जिल्ह्यातला शहाणा माणूस सीएनजीची गाडी घेतो आणि मग आयुष्यभर डिकीकडे बघत उसासे टाकतो. अजिनाथ रोज कामावर डबा घेऊन जायचा. डब्याला डिकी लागत नाही. बॅगा डिकीत न मावता मागच्या सीटवर आल्या, सीटवरून मांडीवर आल्या. तासाभराने हिशोब असा निघाला: पुढे अजिनाथ आणि मालनबाई, मागे सुकन्या आणि ज्ञानेश्वरी, आणि तिसऱ्या जागी मोठी बॅग, पट्टा लावून, नवरीसारखी बसलेली.

सगळे रंगुबाईकडे न बघायचा प्रयत्न करत होते, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच होतं. तिला कळलं. तिने कापडी पिशवी काखेत घट्ट धरली. पण तोंडातून सवयीने दुसरंच आलं. "मी ऱ्हाते. घराला राखन लागतीच की."

"असं कसं मामी!" अजिनाथ म्हणाला, पण बॅगेचा पट्टा काही त्याने सोडला नाही.

सुकन्या मात्र हसली, कडू हसली. "राहू द्या. जागा नसली की माणूस मागे राहतं, आमच्यात ही जुनी रीत आहे. मी सहा वर्षांची होते. ट्रॉली भरली, कोंबड्या चढल्या, शेळी चढली. माझी वेळ आली तेव्हा आई म्हणाली, जागा न्हाई बाई. आजीपाशी राहिले. मग दरवर्षीच राहिले."

रंगुबाईला ते चाबकासारखं लागलं. तिने समोर पाहिलं. पट्टा लावलेली बॅग. आत तंबू. म्हणजे एक न उघडलेला तंबू समुद्र बघणार आणि आपण केडगावात नळाचं पाणी भरणार. तिला असा संताप आला, की गुडघ्यांचं दुखणंही मागे सरलं.

"जावईबापू, सगळं खाली काढा."

"मामी, आधीच उशीर—"

"काढा म्हनते ना. आन् तुमी कडंला उभं राहून च्या प्या."

पार्किंगमध्ये चादर अंथरून तिने सगळं ओतलं. आधी त्या चाकांच्या बॅगा बाजूला फेकल्या. चाकं, दांडा, कवच, अर्धी जागा तर बॅगच खाते. हे जुंपलेल्या बैलानेच कडबा खाऊन टाकल्यासारखं झालं. इस्त्री गेली, तंबू गेला, बुटांचा एक जोड राहिला आणि त्याच्या पोटात मोजे, चार्जर गेले. हवा काढलेल्या पिशव्या टाचेने फोडल्या, कारण पापड वळत नाही आणि तिला वळणारं हवं होतं. कपड्यांची लहान लहान बोचकी बांधली. टाकीच्या दोन्ही कुशींत गोल खळगे होते. अजिनाथने ते तीन वर्षांत पाहिले नव्हते. एकेका खळग्यात तिने बोचकं असं बसवलं, की ते हलेना. टाकीवर चादरींची घडी, फराळाचे डबे सीटखाली आणि डब्यांत जिथे चिवडा अर्ध्यावर होता तिथे ब्रश आणि पेस्ट, पिशवीत घालून. पाय ठेवायच्या जागी सपाट बोचकी, म्हणजे ज्ञानेश्वरीचे लोंबणारे पायही टेकले. मालनबाईंची उशी त्यांच्याच पाठीमागे गेली.

"आन् हे फोटो?" रंगुबाईने एक्स-रे वर धरले.

"ते हवेतच, विहीणबाई."

एक्स-रे मालनबाईंच्या बाजूच्या काचेला लावले. ऊन अडवायला बरे झाले.

"रिसॉर्टवर बोचकी घेऊन उतरायचं?" अजिनाथ तेवढंच म्हणाला.

"समुद्राला इचारा, त्याला चाकं लागत्यात का."

मागची सीट रिकामी झाली होती. तिघी ऐसपैस बसतील एवढी. वॉचमन गोरक्ष बघायला आला होता, त्यानेही मान डोलावली. रंगुबाईला स्वतःचं कौतुक वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलं भरपूर वाटलं. तिने गाडीला फेरी मारली, दार दाबून पाहिलं आणि आपली जागा बघून घेतली. मग वळली तर सुकन्या तिच्याकडे बघत उभी होती. ती खूश दिसत नव्हती.

"आई," ती हळू म्हणाली, "एवढ्याशा गाडीत तू पाच माणसं बसवलीस. दहा बिऱ्हाडांच्या ट्रॉलीत तू बारा बसवायचीस. मग मी कशी मावले नाही?"

रंगुबाईचा हात दारावर राहिला. आपणच आपल्या हाताने हे करून ठेवलं, हे तिच्या ध्यानात आलं. मघाशी गप केडगावात राहिली असती तर प्रश्न निघाला नसता. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की रंगुबाई जागा नाही म्हणते ते खरं नसतं. फक्त सहा वर्षांच्या एका पोरीने तो शब्द खरा मानला होता आणि अजून धरून ठेवला होता.

"जागा हुती," ती म्हणाली.

"किती?"

"तुला पाय पसरून निजता आलं असतं एवढी."

अजिनाथला पहिल्यांदाच योग्य वेळी गप्प बसायचं सुचलं.

"गुरुजी म्हनले हुते, आवंदा पोरगी नेली तर परत शाळंत बसायची न्हाई. तुला सांगितलं असतं का शाळंसाठी मागं ठिवते, तर तू शाळंवर डूख धरला असतास. म्हनलं जागंवर ढकलावं. जागंवर कोन डूख धरतंय." रंगुबाईने नाक ओढलं. "तू माझ्यावरच धरलास. मला ते दिसत हुतं. पन तू शाळंत जात हुतीस, म्हनून धरू दिला."

वर कुणाच्या तरी गॅलरीत कुकरची शिट्टी झाली. सुकन्याने डोळे पुसले, मग एकदम कपाळाला आठी घातली. तीस वर्षं साचलेलं भांडण असं एका वाक्यात सोडून द्यायला ती तयार नव्हती.

"आणि शेळी? शेळीला बरी नेलीस!"

"शेळीचं नाव कुठं हुतं शाळंच्या हजेरीत?"

सुकन्याच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. दोन्ही एकदम आलं, त्यामुळे मालनबाईंना काय करावं कळेना. त्यांनी उशी पुढे केली. रंगुबाई मागच्या सीटवर खिडकीशी बसली. पलीकडच्या खिडकीशी ज्ञानेश्वरी बसली. मधे सुकन्या शिरली आणि आईला घट्ट चिकटली. ज्ञानेश्वरीच्या बाजूला हातभर जागा मोकळी राहिली होती. "आई, इकडे सरक की," ती म्हणाली. सुकन्या सरकली नाही.