काठावरचं हळदकुंकू

माझ्या जुन्या वहीत एक नोंद आहे: 'थांबलो २ तास १० मिनिटं. फवारा ४ मिनिटं. पीएच सुमारे ३.५.' वर ऑगस्ट २००२ लिहिलं आहे. त्या चार मिनिटांनंतर जे झालं ते वहीत नाही. विसरलो म्हणून नाही, लिहायची लाज वाटली म्हणून.

त्या वर्षी आई मे महिन्यात आमच्याकडे इंग्लंडमध्ये रीडिंगला सहा महिन्यांसाठी आली होती. वडील गुडघ्यांमुळे प्रवास टाळत, ते धाकट्या भावाकडे राहिले. माझ्या बायकोचा भाऊ अमेरिकेत असतो. शाळेच्या सुट्टीत आम्ही दोघं, आमची चौदा वर्षांची मुलगी आणि आई असे चौघं त्याच्याकडे गेलो आणि तिथून गाडी घेऊन यलोस्टोन नॅशनल पार्क बघायला निघालो.

आई मूळची कोकणातली. तिच्या माहेराजवळ गरम पाण्याचे झरे आहेत. तिकडे त्यांना उन्हाळे म्हणतात. तिथे गेलं की बायका आधी पाण्याला हळदकुंकू वाहतात, मग पाय बुडवतात. त्यामुळे पार्कातल्या पहिल्याच उकळत्या कुंडापाशी तिनं पर्समधून दोन कप्प्यांची पितळी डबी काढली.

"चिमूटभर वाहू का रे?"

मी नाही म्हणालो. पाण्यात काहीही टाकायला बंदी आहे, लोकांनी नाणी टाकून टाकून झऱ्यांची तोंडं बुजवली आहेत, हे सांगितलं. मग बोर्ड वाचून दाखवला, त्याचं मराठी करून सांगितलं, आणि गाडीत बसल्यावर पुन्हा एकदा सांगितलं.

"कळलं," आई म्हणाली. "मला एकदा सांगितलं तरी कळतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही आम्लधर्मी पाण्याच्या गायझरपाशी गेलो. जमिनीतून उसळणारे असे फवारे त्या पार्कात पुष्कळ आहेत, पण बहुतेकांचं पाणी आम्लधर्मी नसतं. हा वेगळा, आणि मी मुख्यतः याच्यासाठीच आलो होतो. रीडिंगच्या लायब्ररीच्या सेलमधून घेतलेल्या पुस्तिकेत 'पीएच ३.५' या आकड्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली होती. जवळजवळ व्हिनेगरइतकं आंबट, असं मी सगळ्यांना सांगितलं.

"म्हणजे आमसुलाच्या सारासारखं," आई म्हणाली. "मग हिंग-जिऱ्याची फोडणी कधी पडते?"

मुलगी हसली. मी हसलो नाही, कारण पुस्तिकेप्रमाणे पस्तीस ते पंचाहत्तर मिनिटांत फवारा उडायला हवा होता आणि नव्वद मिनिटं होऊन गेली होती. पुस्तिका जुनी होती. अलीकडे याचं वेळापत्रक राहिलेलं नाही, हे तिथल्या एका माणसानं सांगितलं, तरी मी घड्याळ बघतच राहिलो. लाकडी बाकांवर तीस-पस्तीस माणसं बसली होती. साडीवर कार्डिगन घातलेली आई एकटीच, आणि ते माझ्या नजरेतून सुटत नव्हतं, हेही लिहायला हवं.

शेवटी कुंड भरत भरत काठाशी आलं आणि पाणी उसळलं. कोमट तुषार आमच्या अंगावर आले. आईनं डोळे मिटून हात जोडले. चार मिनिटांनी पाणी गुरगुरत खाली गेलं. मी बाजूला जाऊन वहीत आकडे लिहिले आणि वळून पाहिलं. आई मुलीशेजारी कठड्याशी उभी होती, तिच्या हातात डबी होती आणि ती झाकण लावत होती. आणि तिच्यासमोर, कुंडाच्या ओल्या दगडांवर, पिवळे आणि तांबडे ओघळ होते.

मी तिथूनच ओरडलो.

"यू कान्ट डू दॅट हिअर! आय टोल्ड यू!"

आईशी मी आयुष्यात इंग्रजीत बोललो नव्हतो. तिला शाळेपुरतं इंग्रजी येत होतं, पण आमच्यात मराठीशिवाय दुसरी भाषा कधी आलीच नव्हती. ते वाक्य तिच्यासाठी नव्हतंच. ते त्या बाकांवरच्या लोकांसाठी होतं. हा माणूस नियम पाळणारा आहे, ही बाई त्याचं ऐकत नाही, एवढं त्यांना समजावं म्हणून मी ते मोठ्यानं म्हणालो. लोकांनी माना वळवल्या. आई माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा, एवढा मोठ्याने काय ओरडतो?" मुलगी म्हणाली. "आजीने काही नाही टाकला."

"तू मध्ये बोलू नकोस," मी म्हणालो आणि खाली उभ्या असलेल्या रेंजरकडे गेलो. पार्कची टोपी घातलेली तरुण मुलगी होती ती. तिला सांगितलं की माझ्या आईनं पाण्यात रंगीत पूड टाकली आहे, तिला कल्पना नव्हती, जबाबदारी माझी. 'तिला कल्पना नव्हती' हेही खोटंच होतं. कल्पना मीच तीनदा दिली होती.

रेंजर वर आली, वाकून बघितलं आणि हसली. हा रंग इथलाच आहे, म्हणाली. पाण्यातलं लोह आणि आंबट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव मिळून तो होतो. कालही असाच होता. मग तिनं माझ्या खिशातून डोकावणारी पुस्तिका पाहिली आणि त्यात आहे ते, असं सांगितलं. होतं. मी रेघ मारलेल्या आकड्याच्या खाली तिसऱ्या ओळीत.

"माझ्या फोरहेडला लावला ती," मुलगी म्हणाली. तिच्या कपाळावर कुंकवाचं बोट होतं. पाण्याला वाहायचं नाही म्हणून आईनं मनातल्या मनात वाहिलं होतं आणि नातीला लावलं होतं. मी दोघींकडे बघत ओरडलो होतो आणि ते बोट मला दिसलं नव्हतं.

"अहो, सॉरी तरी म्हणा त्यांना," बायको हळूच म्हणाली. मी रेंजरला सॉरी म्हणालो. आईला म्हणालो, "चला, पार्किंग लांब आहे."

रीडिंगला परतल्यावर आई घरात विचारायला लागली. चहाचा चोथा गुलाबाला घातला तर चालेल का? ही बरणी कुठल्या बिनमध्ये? रात्री बागेत तो कोल्हा येतो, खिडकी उघडी ठेवली तर चालेल? आधी ती हे सगळं न विचारता करत असे. टोमणा म्हणून विचारते का, ते मी बघत होतो. तसं असतं तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. एका रविवारी मी मोजलं, अकरा वेळा विचारलं. तिच्या परतीच्या तारखेआधी माफी मागायची असं मी ठरवलं होतं आणि रोज एक दिवस कमी होत होता.

ऑक्टोबरच्या अखेरीला, ती निघायच्या आदल्या दिवशी दुपारी, मागच्या दाराशी मला एक प्लास्टिकची कॅरिअर बॅग दिसली. तोंड गाठ मारून बांधलेलं. आत देवपूजेचं निर्माल्य होतं, कित्येक आठवड्यांचं. उन्हाळाभर ते ती सफरचंदाच्या झाडाखाली टाकत असे.

"हे असं का ठेवलंयस?"

"तुझ्या कौन्सिलचा कचऱ्याचा काही नियम असेल म्हणून ठेवलं. तू सांगशील तिथे टाकते."

मी बॅग उचलली, शेडमधून फावडं घेतलं आणि झाडाखाली खड्डा केला. आई शाल घेऊन दारात उभी राहिली.

"शेजारचे बघतील हं," ती म्हणाली.

"बघू देत." फुलं काळी पडून एकमेकांना चिकटली होती. ती ओतताना मी मान वर न करता म्हणालो, "आई, तिथे त्या फवाऱ्यापाशी माझं चुकलं."

ती म्हणाली, "ओरडलास त्याचं काही नाही. मी काय तुला कमी ओरडलेय? पण माझ्याशी इंग्रजीत कशाला बोललास?"

"लोकांना कळावं म्हणून," मी म्हणालो.

"हं. मग कळलं ना त्यांना."

ती चपला घालून अंगणात आली, खड्ड्यात डोकावली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिनं मला काही विचारलं नाही, सांगितलं.

"वरून नीट माती ओढ. नाहीतर तुमचा तो कोल्हा येऊन उकरेल."