बॅटरीपुढचं ‘होय’

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. घरी न्हाई, रूमवरच्या पोरांना न्हाई. आत्ता टाईप करून राह्यलो ते पण जल्दी जल्दी, कारण थांबलो तर सगळं पुसून टाकीन.

रंगनाथमामांची गोष्ट आहे – नात्यातले न्हाई, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. राहणार हसनाबाद, तिकडच्याच एका सबस्टेशनवर ऑपरेटर. गावात आजही म्हणतात, हा ड्युटीवर झोपला म्हणून बैल मेला. मामा झोपले नव्हते. हे मला माहीत होतं – मंग चार वर्षं मी काय करत होतो?

आधी माझं काम सांगतो. सांगायला पाहिजे ना? मी नवाच इंजिनिअर लागल्तो, जालन्याच्या ऑफिसात. माझ्याकडं तपासणीचे फॉर्म. दर तीन महिन्याला सबस्टेशनवर जायचं आणि डोळ्यानं पाहायचं – तार तुटली तर लाईन आपोआप बंद होते का, ती बंद करणारी बॅटरी बराबर आहे का. पुढं लिहायचं, होय किंवा नाही. एक ‘नाही’ लिहिलं की कारणाचा कागद, उपायाचा कागद, वर मोठ्या साहेबांपुढं उभं राहायचं. म्हणून आमच्याकडं सगळं ‘होय’. जायचं पण न्हाई कुणी. मागचे आकडे थोडे इकडंतिकडं करायचे, पेन बदलायचा. मी तीन पेन ठेवल्ते. लई हुशार समजायचो स्वतःला.

एक दिवस सकाळी मामांचा फोन. दुसऱ्या दिवशी वरून तपासणीची टीम येणार होती.

“साहेब, बॅटरी पार बसली. बटण दाबलं तरी ब्रेकर उघडून न्हाई राह्यला, लाईन बंदच होईना.”

“मामा, उद्या टीम आहे.”

“मंग चांगलंच की. त्यान्लाच दाखवू.”

मी हसलो. म्हणलं, लॉगबुकात लिहू नका, टीम पहिलं तेच पाह्यते. टीम गेली की नवी बॅटरी पाठवतो.

“तोंडी झालं बरं का साहेब हे.”

“मी आहे ना, मामा.”

आणि फॉर्मवर, बॅटरीपुढं, मी ‘होय’ लिहिलं. निळ्या पेनानं.

टीम आली, फाईल पाह्यली, खूश झाली, गेली. सबस्टेशनवर कुणी गेलंच न्हाई. आणि नवी बॅटरी? ती मागायची तर जुनी खराब म्हणून लिहावं लागतं – आणि मी तर आत्ताच ती चांगली लिहिल्ती! कशी मागू? म्हणलं पुढच्या तिमाहीत पाहू.

पंधरा-वीस दिवसांनी एका वावरात तार तुटली. लाईन बंद झाली न्हाई. मामा पळत बाहेर गेले, यार्डातलं हँडल हातानं ओढून लाईन बंद केली. तोवर बैल गेल्ता. बैलामागच्या माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला.

एवढंच असतं तर – न्हाई, एवढं पण कमी न्हाई. पण खरं ते पुढं आहे.

चौकशी बसली. चौकशीच्या साहेबांनी मामांना विचारलं, बॅटरी खराब होती तर लॉगबुकात कामून लिहिलं न्हाई? मामा म्हणले, “सायबान्ला फोन केल्ता. तेच म्हणले, नका लिहू.” मंग सगळे माझ्याकडं वळले. मामा पण. रागानं न्हाई पाहत होते ते. निवांत होते एकदम, आता हा सांगेल म्हणून.

मी म्हणालो, “असा काही फोन मला आला न्हाई.”

अडखळलो पण न्हाई. भीती वाटली होती का? हो. पण भीतीनं बोलताना माणसाचा आवाज कापतो ना? माझा बिलकुल कापला न्हाई.

मामांनी टोपी काढली, परत घातली.

अहवालात आलं, ऑपरेटर गाफील होता, कळवलं नाही. मामांना सस्पेंड केलं, मंग लांब बदली. तिथूनच रिटायर झाले. अहवालाखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

फोन आल्ता. मीच उचलला होता.