तेलाची रेघ

नंदकला बस्नेत भित्री आहे, हे नेपाळातल्या प्युठाणच्या त्या डोंगरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चहाच्या दुकानात कुणी सहज विचारलं, "काय वहिनी, यंदा तुम्ही कुणाच्या?" की ही मिठाची पुडी तिथंच विसरून घराची वाट धरायची. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं? लढाईच्या दिवसांत एका संध्याकाळी दारात बंदूकवाले आले आणि त्यांनी तिच्या नवऱ्याला हेच विचारलं होतं. त्या भोळ्या माणसानं खरं उत्तर दिलं. ते त्याला घेऊन गेले, तो परत आला नाही. तेव्हापासून पक्ष हा शब्द कानावर पडला तरी ती दार लावून घ्यायची.

घरात आता ती आणि थोरले दीर रणध्वज, दोघंच. दिरांना मूलबाळ नव्हतं, बायकोही गेलेली. दोघांचा जीव अडकलेला एकाच ठिकाणी, नंदकलाच्या सागरमध्ये. तो कतारला उंच इमारतींच्या परांचीवर काम करायचा आणि संध्याकाळी न चुकता फोन करायचा. रेंज फक्त खिडकीजवळच्या कोनाड्यात यायची, म्हणून फोन देवासारखा तिथंच बसवलेला.

त्या वर्षी देशाची आणि प्रांताची निवडणूक एकाच दिवशी आली. प्रांत नवाकोरा, त्याला नावसुद्धा नव्हतं, नुसता आकडा. तो कुठून सुरू होतो नि कुठं संपतो हे कुणाला धड सांगता येत नव्हतं, पण त्याच्यावरून डोकी फोडायला सगळे तयार. शिडी नि सूप ही दोन पक्षांची चिन्हं; शिडीवाले सूपवाल्यांच्या दुकानात चहा पीत नव्हते. सूपवाले शिडीवाल्यांच्या शेतात कापणीला जात नव्हते. खालच्या झुलत्या पुलावर कुणीतरी प्रेशर कुकरमध्ये बॉम्ब ठेवून गेलं, तो सैनिकांनी येऊन उडवला. त्यानंतर नंदकलानं घरातल्या कुकरवरही गोणपाट टाकून ठेवला. त्याची शिट्टी ऐकवेना.

रणध्वज म्हणजे शिडीचे कट्टर माणूस. आणि सूपवाल्यांनी प्रांतासाठी उभा केला होता खेमराज, म्हणजे नंदकलाचा पाठचा भाऊ. देवानं थट्टा करायलाही हेच घर निवडावं!

भाऊबीजेला खेमराज आला. नंदकलानं त्याला आसनावर बसवलं, दूर्वांनी तेल शिंपडत त्याच्याभोवती रेघ ओढली. या रेघेच्या आत यमाला येता येत नाही. उंबऱ्यावर अक्रोड फोडला, सात रंगांचा टिळा लावला, मखमली फुलांची माळ घातली.

"दिदी, यंदा ओवाळणी मीच मागतो," तो म्हणाला.

"साडी आणली नाहीस ना? मला वाटलंच होतं. उमेदवार झाला, लगेच चिक्कू झाला."

"साडी आणलीय. तुझं प्रांताचं मत दे मला. बाकीची कुठंही टाक."

तिचा हात तेलाच्या वाटीत तसाच राहिला. भाऊ रेघेच्या आत बसलेला. तिथं बसलेल्याला नाही कसं म्हणायचं? "देईन," ती म्हणाली, आणि दिरांच्या कानावर तर गेलं नसेल ना म्हणून दाराकडे पाहिलं.

मतदानाच्या आदल्या दुपारी दिरांनी कोनाड्यापाशी तांब्याचा लोटा मांडला. पाणी, वर तुळशीचं पान. शेजारी फोन, आणि फोनमध्ये सागरचा चेहरा. वस्तीतल्या शिडीवाल्यांच्या घरांत सगळीकडे हाच कार्यक्रम चालू होता, पक्षाचा तसा हुकूमच होता.

"धाकटे, तीन कागद मिळतात, शिक्के चार, एका कागदावर दोन मारायचे. चारही शिडीवर. सागरच्या डोक्याची शपथ," रणध्वज म्हणाले. "आधी मी घेतो. तोच माझाही मुलगा."

सागर फोनमधून थोरल्या काकांना हसत होता. "थुलोबा, माझं डोकं कतारला नि तुमचा लोटा तिथं! शपथ पोहोचेल का एवढ्या लांब?"

"गप रे! पोहोचते."

दिरांनी लोट्याला हात लावला, मग फोनवरच्या डोक्याला लावला आणि शपथ घेतली. थोरल्या दिरानं भावजयीला शिवायचं नाही, या रीतीप्रमाणे ते बाजूला सरले, तेव्हा नंदकला पुढं झाली. तिची बोटं लोट्याला चिकटल्यासारखी झाली. शपथ तिनं इतकी हळू घेतली की दिरांनी ती दोनदा म्हणायला लावली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात, पुठ्ठ्याच्या आडोशामागं, तिच्या हातात कागद आले. एका बाजूला पोटचा पोर, दुसऱ्या बाजूला पाठचा भाऊ. तीन शिक्के तिनं शिडीवर मारले. चौथा, प्रांताचा, हातात धरून ती उभी राहिली. बाहेरून पोलीस ओरडला, "आजी, झोपलात काय?" तिनं डोळे मिटले नाहीत. नीट बघून सुपावर मारला.

संध्याकाळी सागरचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. इकडून केला तर लागेना. नंदकलाच्या तोंडची चव गेली. डाळ करपली, म्हैस हंबरत राहिली. आपणच खाल्लं पोराला, हे एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. दिरांना सांगावं, तर ते घराबाहेर काढतील. न सांगावं, तर शपथेवर उतारा कोण करणार? आणि दिरांना बहुतेक कळलंच होतं. ते तिच्याकडे बघत नव्हते. त्यांनी ताट तसंच सरकवलं. देवीला बकरा बोलले. पक्षाचे लोक मोजणीला न्यायला आले, तर हे पोटदुखीचं निमित्त करून आत जाऊन पडले. रणध्वज आणि मोजणीला नाही! आता हे मला जाब विचारणार, म्हणून ती दिवसभर गोठ्यातच राहिली.

त्यानंतरच्या सकाळी तिला राहवेना. शपथ फोनवर घेतली होती, तर राखणही फोनचीच करायला हवी. तेलाची वाटी आणि दूर्वा घेऊन ती कोनाड्याशी गेली आणि थबकली.

फोनभोवती तेलाची रेघ होती. वाकडीतिकडी, एका जागी ओघळ भिंतीवरून खाली आलेला. हे काम बाईचं नव्हतं. मागं वळून पाहिलं तर रणध्वज दारात उभे होते, आणि त्यांच्या बोटांना तेल होतं.

"मी मारला सुपावर," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "एकच. प्रांताचा. तुझी जाऊ गेली तेव्हा आमचे लोक सभेला गेलेले गं. तिरडीला चौथा खांदा तुझ्या भावानं दिला. शिक्का हातात आला आणि तेच आठवलं. धाकटे, मीच घात केला पोराचा."

नंदकलाच्या हातातली वाटी कलंडली. "भाऊजी, तुम्ही नाही हो. मीच—"

फोन वाजला.

दोघंही जागचे हलेनात. अनोळखी नंबर होता. शेवटी तिनंच रेघेवरून हात आत घातला, आणि तिच्या मनगटानं रेघ पुसली गेली.

"आमा! मी बोलतोय, मित्राच्या फोनवरून. घाबरू नकोस. परवा वरून फळी पडली. हेल्मेट फुटलं, खिशातला फोन फुटला, दवाखान्यात ठेवलं होतं. डोकं शाबूत आहे!" तो हसला. "म्हणजे थुलोबांची शपथ पोहोचली म्हणायची. चारही शिक्के शिडीवरच मारलेत ना दोघांनी?"

नंदकलानं दिरांकडे पाहिलं. दिरांनी मान खाली घातली.

"हो रे बाळा," ती म्हणाली. "चारही."

आणि फोन कानाशी धरूनच, दुसऱ्या हातानं वाटीत राहिलेलं तेल बोटावर घेऊन, ती पुसलेली रेघ पुन्हा जोडू लागली.